परहस्तगत पुस्तक

आपल्याकडील जुन्या पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस लेखनिकाची शेवटची विनवणी ठाऊक असेल. ग्रंथ संपला, शक व तिथि लिहून झाली, म्हणजे तो पोथीच्याच तोंडीं चार शब्द घालतो: मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, माझें बंधन सैल होऊं देऊं नको, आणि मूर्खाच्या हातीं मला देऊं नको. पहिल्या तीन सूचना कोणाहि शहाण्या माणसास पटतील. चौथी तितकी सरळ नाहीं. कारण मूर्ख कोण हें ठरविणारा बहुधा पोथीचा मालकच असतो, आणि पोथी मागावयास येणारा प्रत्येकजण त्याच्या दृष्टीनें थोडाबहुत मूर्खच ठरतो. परहस्तगत झालेलें पुस्तक गेलेंच समजावें, हें सुभाषितकारांचें मत आपल्या सुशिक्षित घरांतून आजहि वेदवाक्याप्रमाणें पाळलें जातें. दिवाणखान्यांतील कपाटास कांच असते ती पुस्तकें दिसावींत म्हणून, आणि कुलूप असतें तें दिसलेलें पुस्तक कोणीं मागूं नये म्हणून.

युरोपांतील मठवासीयांचा अनुभव ह्याहून निराळा नव्हता. पुस्तक चोरणाराच्या नांवें ते पानावरच शाप लिहून ठेवीत. आणि शापाचा धाक पुरेनासा झाला तेव्हां लोखंडी सांखळ्या आल्या. इंग्लंडांत हिअरफर्ड येथील प्रधान मंदिरांत असें सांखळ्यांनीं जखडलेलें ग्रंथालय अद्यापि पाहावयास मिळतें. पुस्तकाची पाठ भिंतीकडे आणि सांखळी पुढें, अशी तेथील मांडणी आहे. वाचकापेक्षां सांखळीची सोय अधिक पाहिलेली.

अशा ह्या सार्वत्रिक समजुतीच्या अगदीं उलट वागणारीं माणसें मधून मधून निपजत आलेलीं आहेत. वाचून संपलेलें पुस्तक तीं बागेंतील बांकावर, आगगाडीच्या डब्यांत किंवा चहाच्या दुकानांतील मेजावर मुद्दाम ठेवून निघून जातात. तें कोण उचलील, वाचील कीं रद्दींत घालील, ह्याची चौकशी करण्यास तीं थांबत नाहींत. ह्या वागणुकीचा कांहीं इतिहास आहे काय, आणि ती निव्वळ लहर आहे कीं तिच्या बुडाशीं विचार आहे, हें येथें पाहावयाचें आहे.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं एक फार बारकाईचा भेद करून ठेविला आहे, त्याची आठवण ह्या प्रसंगीं होते. दान पुरें होण्यास देणारा हवा तसा घेणाराहि हवा. घेणारानें स्वीकार केला म्हणजे एकाचें स्वामित्व संपून दुसऱ्याचें सुरू होतें. परंतु विहीर, तळें, आमराई हीं लोकांस दिलीं जातात तेव्हां घेणारा असा कोणी एक नसतो. तेथें देणारा केवळ आपलें स्वामित्व सोडतो, आणि सर्वांनीं ह्याचा उपभोग घ्यावा असें म्हणून मोकळा होतो. ह्यास उत्सर्ग म्हणतात. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडांत (१९४१) ह्याचा ऊहापोह केला आहे. त्या चर्चेंत एक मौजेचा प्रश्न निघतो. तळ्याचा उत्सर्ग केल्यावर खुद्द देणारानें त्यांतील पाणी प्यावें कीं नाहीं? दिलेली वस्तु परत घेणें हें तर पाप. ह्यावर निबंधकारांचें उत्तर असें कीं, तळें सर्वांस दिलें आणि सर्वांत तोहि आलाच. तेव्हां त्यानें खुशाल प्यावें. कायद्याची बुद्धि आणि माणुसकी एकत्र नांदल्याचें इतकें सुरेख उदाहरण क्वचित् सांपडतें.

पुस्तकांच्या बाबतींत आमच्या परंपरेंत दान पुष्कळ झालें. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि ह्यानें तेराव्या शतकांत चतुर्वर्गचिंतामणि रचिला. त्याच्या दानखंडांत विद्यादानाचा सविस्तर विधि आहे. पोथी कशी लिहवून घ्यावी, तिची पूजा कशी करावी, ती समारंभानें कशी अर्पण करावी, सर्व कांहीं सांगितलेलें आहे. कर्नाटकांत दहाव्या शतकाच्या अखेरीस अत्तिमब्बे नांवाच्या जैन श्राविकेनें पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती नकलून वांटल्या अशी कथा प्रसिद्ध आहे. ताडपत्रावरील एक हजार प्रती! छापखान्याच्या युगांतहि आमच्या कित्येक कवींच्या एवढ्या प्रती निघत नाहींत, आणि निघाल्या तर खपत नाहींत. तरी पण हें दान होय. देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे आहेत, आणि पुण्य कोणाच्या खातीं जमा व्हावयाचें हें दोघांसहि ठाऊक आहे. पुस्तकास तळ्याचा न्याय लाविला असतां काय होतें हें पाहावयाचें तर आपणांस लंडनला जावें लागतें.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील हें लंडन. छापखाना इंग्लंडांत यावयाचा आहे; तो कॅक्स्टन १४७६ सालीं आणील. शहरांत किराणा व मसाल्याचा व्यापार करणारा जॉन किलम नांवाचा एक गृहस्थ होता. तो १४१६ सालीं वारला. त्याच्या मालमत्तेंतून एक इंग्रजी पोथी करविण्यांत आली. वॉल्टर हिल्टन ह्या साधूचे भक्तिपर प्रबंध तींत आहेत. पोथीच्या अखेरीस जी नोंद आहे तिच्यामुळें ह्या वाण्याचें नांव आज सहाशें वर्षांनीं आम्ही घेत आहों. तिचा आशय असा: हें पुस्तक अमक्याच्या धनांतून सर्वांच्या हितासाठीं केलें आहे. ज्याच्या हातीं तें येईल त्यानें हवें तर जन्मभर तें वापरावें, आणि ज्याच्या धनांतून तें झालें त्याच्या आत्म्यासाठीं प्रार्थना करावी. आपलें काम झाल्यावर, निदान मरण्यापूर्वीं, त्यानें तें दुसऱ्या कोणास द्यावें. त्यानेंहि तसेंच करावें. याप्रमाणें माणसाकडून माणसाकडे, पुरुष असो वा स्त्री, पुस्तक टिकेल तोंवर तें जात राहावें.

अशा नोंदी असलेल्या पांच पोथ्या आज उपलब्ध आहेत, आणि इंग्रजी विद्वान् त्यांस सामायिक हिताच्या पोथ्या म्हणून ओळखतात. ह्या नोंदीचें बारकाईनें वाचन केलें तर तीन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली, हींत मठ नाहीं, देऊळ नाहीं, विद्यापीठ नाहीं. पुस्तक कोणत्याहि संस्थेच्या ताब्यांत दिलेलें नाहीं. दुसरी, स्त्रीचा उल्लेख स्पष्टपणें केलेला आहे, आणि तो अशा काळांत कीं ज्या काळीं विद्यापीठाचें दार तिला बंद होतें. तिसरी, मुदत घातली आहे ती माणसाच्या आयुष्याची नव्हे, पुस्तकाच्या आयुष्याची. किलम ज्यास ओळखीत होता त्या माणसापर्यंत त्याचा विश्वास पोंचणें सोपें होतें. तो पोंचविला आहे चौथ्या, पांचव्या, दहाव्या हातापर्यंत, म्हणजे अजून जन्मासहि न आलेल्या माणसापर्यंत.

आणि हा विश्वास स्वस्त नव्हता. एक तर पोथी ही महागाची वस्तु. चामडें कमवावयाचें, लेखनिकास महिनेमहिने पोसावयाचें. दुसरें, काळ संशयाचा होता. आर्चबिशप अरंडेल ह्यानें १४०९ सालीं काढलेल्या निर्बंधांनीं परवानगीवांचून बायबलाचें नवें इंग्रजी भाषांतर करण्यास आणि वाचण्यास मनाई केली होती. घरांत सांपडलेलें इंग्रजी धर्मपुस्तक पाखंडाच्या खटल्यांत पुरावा म्हणून पुढें येऊं शके. अशा दिवसांत इंग्रजी पोथीवर स्वतःचें नांव घालून ती अज्ञात हातांत सोडणें ह्यास धैर्य लागतें. किलम पाखंडी होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्या पोथींतील मजकूर त्या दृष्टीनें निर्दोष होता. परंतु भयाच्या दिवसांत निर्दोष माणसेंहि पुस्तकें लपवितात, हा अनुभव सर्व देशांत सारखाच आहे.

त्याच सुमारास, १४२५ च्या आसपास, त्याच शहरांत रिचर्ड व्हिटिंग्टन ह्या धनाढ्य महापौराच्या ठेवींतून गिल्डहॉलचें ग्रंथालय स्थापन झालें. पक्की इमारत, सांखळ्या लाविलेले ग्रंथ, सर्व कांहीं यथास्थित. सव्वाशें वर्षांनीं सॉमरसेटच्या ड्यूकनें तेथील ग्रंथ तीन गाड्या भरून नेले. लौकर परत करण्याच्या बोलीवर नेले, असें जुना इतिहासकार जॉन स्टो लिहितो. ते परत आले नाहींत. परहस्तगताची भीति घालणाऱ्या सुभाषितकारास येथें आपलें म्हणणें खरें झाल्याचें समाधान वाटेल. मात्र पुस्तक बुडविणारा हा परका वाटसरू नव्हता, राज्याचा मुखत्यार होता. किलमच्या पोथीस सांखळी नव्हती, आणि ती आज लँबेथच्या राजवाड्याच्या ग्रंथालयांत सुखरूप आहे. मात्र तेथून ती कोणास घरीं नेतां येत नाहीं. नोंदींतील आज्ञा तेवढी पानावर राहिली आहे.

छापखान्यानें पुस्तक स्वस्त केलें, आणि तें अनोळखी माणसाकडे धाडण्याची हौस असलेला एक निराळाच वर्ग निर्माण झाला. तो म्हणजे मतप्रसारकांचा. ह्या वर्गांत आम्हांस सर्वांत प्रिय वाटणारा प्रसारक म्हणजे शेली कवि. १८१२ च्या फेब्रुवारींत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, तो डब्लिनला गेला आणि आयरिश जनतेस उद्देशून लिहिलेलें चोपडें वांटूं लागला. बिऱ्हाडाच्या सज्जांत उभें राहावें, आणि रस्त्यानें जाणारा एखादा चेहरा वाचकाचा वाटला कीं त्याच्यावर एक प्रत टाकावी, हा त्याचा क्रम. एका बाईच्या झग्याच्या टोपींत त्यानें हळूच एक चोपडें सरकविलें, तेव्हां त्याच्या पत्नीस हंसूं आवरेना. पुढें उन्हाळ्यांत डेव्हनच्या किनाऱ्यावर त्यानें आपलीं पत्रकें बाटल्यांत भरून समुद्रांत सोडलीं आणि फुग्यांना बांधून आकाशांत उडविलीं. कवीच्या ह्या खेळाची किंमत मात्र त्याच्या नोकरानें भरली. बार्नस्टेपल गांवांत पत्रकें चिकटवितांना तो पकडला गेला. दोनशें पौंड दंड भरतां न आल्यामुळें त्यास सहा महिने तुरुंग घडला. आमच्या वर्गांत शेली शिकवितांना ह्या नोकराची हकीकत आम्ही सांगतों, आणि विद्यार्थ्यांचें कवीविषयींचें मत त्या दिवशीं थोडें बदललेलें असतें.

हीच रीत कोठवर जाऊं शकते हें म्यूनिक येथें १९४३ सालीं दिसलें. १८ फेब्रुवारी रोजीं हान्स व सोफी शोल ह्या भावंडांनीं विद्यापीठाच्या इमारतींत, तास चालूं असतांना, वर्गांच्या दारांबाहेर नाझी राजवटीविरुद्धचीं पत्रकें ठेविलीं, आणि उरलेलीं वरच्या कठड्यावरून खालच्या चौकांत लोटलीं. तेथील एका पहारेकऱ्यानें त्यांस पाहिलें. २२ फेब्रुवारीला दोघांचा शिरच्छेद झाला. कोणाच्या हातीं पडेल हें ठाऊक नसतां कागद ठेवून जाणें ही क्रिया तीच. परंतु येथें कागद ठेवणारास निघून जातां आलें नाहीं.

तथापि शेली काय किंवा शोल भावंडें काय, त्यांस कांहीं सांगावयाचें होतें. पाश्चात्य देशांतील खाणावळींच्या खोल्याखोल्यांतून बायबल ठेवणाऱ्या गिडियन मंडळींचें कामहि त्याच जातीचें. तें १९०८ पासून सुरू झालें. ह्यांत वाचकापेक्षां मजकुराची काळजी अधिक असते. आमच्या विषयांतील माणूस पुस्तकाचा लेखक नसतो व प्रचारकहि नसतो. तो नुसता आधींचा वाचक असतो.

आधींच्या वाचकांस एकदम लाखोंच्या संख्येनें कामाला लावलें तें पहिल्या महायुद्धानें. १९१४ सालीं इंग्लंडांत कँप्स लायब्ररी नांवाची संस्था निघाली. छावण्यांत, खंदकांत, रुग्णालयांत पडलेल्या शिपायांस वाचावयास कांहींतरी हवें होतें. संस्थेनें टपाल खात्याशीं अशी व्यवस्था ठरविली कीं, कोणींहि आपलें वाचून झालेलें पुस्तक वा मासिक जवळच्या टपाल कचेरींत न्यावें आणि नुसतें खिडकीवर ठेवावें. वेष्टण नको, पत्ता नको, तिकीट नको. अमेरिका युद्धांत उतरली तेव्हां १९१७ सालीं तेथील पोस्टमास्टर जनरलनें मासिकांच्या मुखपृष्ठांवर एक सूचना छापविली. तिच्यावर एक सेंटचें तिकीट चिकटवून अंक टपालवाल्याच्या हातीं दिला कीं तो कोठल्या तरी शिपायाकडे जाई. कोणत्या, तें ठरविण्याचा प्रश्नच नव्हता. पत्ता नसलेली वस्तु पोंचविण्याचें काम टपाल खात्यानें पत्करावें ह्यांत एक काव्य आहे, आणि तें सरकारी खात्याच्या हातून घडलें म्हणून अधिक मोलाचें आहे.

दुसऱ्या महायुद्धांत ह्या उदारपणाची दुसरी बाजूहि उघडकीस आली. १९४२ च्या जानेवारींत अमेरिकन ग्रंथपालांनीं व्हिक्टरी बुक कँपेन सुरू केली. दीडदोन वर्षांत सुमारें १ कोटी ८० लक्ष पुस्तकें गोळा झालीं. पण निवड करावयास बसल्यावर त्यांतील मोठा भाग शिपायांकडे पाठविण्याच्या योग्यतेचा निघाला नाहीं. विणकाम कसें करावें हें सांगणारीं पुस्तकें निघालीं; प्रेतसंस्काराचा धंदा करणारांचें नियतकालिक निघालें; सत्तर वर्षांपूर्वींचें ईश्वरशास्त्र निघालें. लोकांनीं युद्धाच्या निमित्तानें माळे साफ केले होते. पुस्तक देणें आणि पुस्तक टाकणें ह्यांतील भेद देणाराच्या मनांतच असतो, हातांत दिसत नाहीं. म्हणून तो नेहमींच घोटाळ्याचा.

ह्यावर अमेरिकन प्रकाशकांनीं जो तोड काढला तो ग्रंथव्यवहाराच्या इतिहासांत चिरस्मरणीय आहे. टाकाऊ पुस्तकें गोळा करण्याऐवजीं शिपायांसाठींच नवीं छापावयाचीं. १९४३ ते १९४७ ह्या काळांत आर्म्ड सर्व्हिसेस एडिशन्स ह्या मालेंत १,३२२ पुस्तकें निघालीं, आणि एकंदर प्रती १२ कोटींच्या वर गेल्या. आडव्या आकाराचीं, गणवेषाच्या खिशांत मावणारीं, तारेनें शिवलेलीं हीं पुस्तकें. छपाईचा खर्च प्रतीस सहा सेंटांच्या आसपास. एकानें वाचावें आणि पुढच्याच्या हातांत द्यावें अशीच त्यांची योजना होती. वाट पाहणारे फार झाले तर शिपाई पुस्तकाचे तुकडे करीत; पुढचा भाग वाचून झालेला माणूस तो फाडून मागच्यास देई. ग्रंथपूजक वाचकांच्या अंगावर ह्यानें कांटा येईल. परंतु उद्यां आपण असूं कीं नसूं ह्याची खात्री नसलेल्या माणसानें पुस्तकाचे चार भाग करून चौघांस वाचावयास लावणें, ह्याहून पुस्तकाचा मोठा सत्कार आम्हांस सुचत नाहीं. स्कॉट फिट्झेरल्ड हा १९४० सालीं वारला तेव्हां त्याची ग्रेट गॅट्सबी ही कादंबरी लोक विसरत चालले होते. ह्या मालेंतून तिच्या दीड लाखाच्या आसपास प्रती शिपायांत फिरल्या, आणि तिच्या पुढील कीर्तीस त्या फिरण्याचा मोठा हातभार लागला.

शांततेच्या काळांत असें कांहीं करावयाचें तर पेटी लागते. स्कॉटलंडांत हॅडिंग्टन गांवच्या सॅम्युअल ब्राउन ह्या व्यापाऱ्यानें १८१७ सालीं पन्नास पन्नास पुस्तकांचे फिरते संच काढले. दोन वर्षें एका खेड्यांत राहून संच पुढच्या खेड्यास जाई. आमच्या लोकांस ही कल्पना बडोद्यामुळें परिचयाची आहे. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतलें, आणि पुढें जनार्दन सखाराम कुडाळकर ह्यांच्या देखरेखीखालीं फिरत्या पुस्तकपेट्या गुजराती व मराठी पुस्तकें घेऊन खेडोपाडीं जाऊं लागल्या. वाहतुकीचा खर्च संस्थानचा. वाचणारास कवडी पडत नसे. परंतु पेटीस किल्ली असते आणि किल्ली कोणाकडे तरी असते. हा उत्सर्ग नव्हे. हें राजानें चालविलेलें अन्नछत्र झालें, आणि त्याची योग्यता त्या नात्यानें फार मोठी आहे.

किल्लीच काढून टाकण्याचा प्रयोग झाला तो अगदीं अलीकडे. क्लेग व गुटमान ह्या दोघा कलावंतांनीं १९९१ सालीं ऑस्ट्रियांत ग्राट्स येथें, आणि १९९३ सालीं हँबुर्ग येथें, रस्त्यावर उघडीं पुस्तककपाटें ठेविलीं. हँबुर्गला तर विजेच्या जुन्या पेट्यांस कांचेचीं दारें बसवून त्यांचींच कपाटें केलीं. ग्रंथपाल नाहीं, नोंदवही नाहीं, पहारा नाहीं. हवें तें न्यावें, जमेल तें ठेवावें. एका वस्तींत कपाटाची नासधूस होऊन तें बंद पडलें. दुसऱ्या वस्तींत शेजाऱ्यांनीं त्याची जोपासना केली. कपाट तेंच, पुस्तकें तशींच, फरक शेजाराचा. जर्मन गांवांतून आज अशीं कपाटें जागोजाग दिसतात. अमेरिकेंत टॉड बोल नांवाच्या गृहस्थानें २००९ सालीं विस्कॉन्सिनमधील हडसन गांवीं, शिक्षिका असलेल्या आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ, छोट्या शाळाघराच्या आकाराची पेटी करून अंगणांत खांबावर बसविली आणि तींत पुस्तकें ठेविलीं. अँड्र्यू कार्नेगीनें बांधलेल्या अडीच हजारांवर ग्रंथालयांचा आंकडा ओलांडावा ही पुढें त्याची ईर्षा झाली, आणि तो तीनच वर्षांत ओलांडला गेला. अर्थात् कार्नेगीच्या दगडी इमारतीची आणि खांबावरच्या पेटीची तुलना आंकड्यानें करूं नये. पण बोलला ती करावीशी वाटली ह्यांत त्या देशाचा स्वभाव दिसतो.

ह्या सर्वांत गाजला तो बुकक्रॉसिंगचा पंथ. रॉन हॉर्नबेकर ह्या अमेरिकन गृहस्थानें २००१ सालीं तो काढला. पुस्तकास एक क्रमांक घ्यावयाचा, हें हरवलेलें नाहीं, उचला आणि वाचा, अशा अर्थाची चिठ्ठी आंत चिकटवावयाची, आणि तें बाहेर सोडून द्यावयाचें. त्यांच्या परिभाषेंत ह्यास रानांत सोडणें म्हणतात. ज्यास तें सांपडेल त्यानें इंटरनेटवर क्रमांक घालून तें कोठें मिळालें तें कळवावें, आणि वाचून पुन्हां सोडावें. नोटांच्या क्रमांकांवरून त्यांचा प्रवास नोंदण्याचा छंद अमेरिकेंत होता, त्यावरून ही युक्ति हॉर्नबेकरला सुचली. २००४ सालीं ह्या शब्दास ऑक्सफर्डच्या संक्षिप्त कोशांत जागा मिळाली, आणि नोंदलेल्या पुस्तकांची संख्या पुढें एक कोटीच्या वर गेली.

आम्ही ह्या मंडळींचे टीकाकार नाहीं, तथापि एक शंका मनांत येते. पुस्तक सोडून दिल्यावर त्याची बातमी यावी ही इच्छा स्वाभाविक असली तरी ती कोठें तरी स्वामित्वाचा शेवटचा धागा हातांत ठेवते. पक्षिशास्त्रज्ञ पाखराच्या पायांत वळें अडकवून त्यास उडवितो, तसा हा प्रकार. बहुतेक पुस्तकांची बातमी कधींच येत नाहीं, आणि नव्या उत्साही सभासदास त्याचें वाईट वाटतें. त्यास आम्ही म्हणूं कीं, बाबा, जें पुस्तक न कळवितां कोणाच्या घरीं राहिलें, तेंच कदाचित् खरें वाचलें जात असेल. किलमनें प्रार्थना मागितली होती. निरोप मागितला नव्हता.

आतां आपल्याकडे पाहूं. मुंबईच्या लोकलगाडींत पुस्तक ठेवून उतरण्यास एक अडचण आहे, आणि ती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. १९९३ चे स्फोट झाले, ११ जुलै २००६ रोजीं गाड्यांतच स्फोट झाले, आणि बेवारस वस्तूस हात लावूं नये ही सूचना मुंबईकराच्या कानांत कायमची बसली. जी वस्तु कोणाची नाहीं ती सर्वांची, असें आमचा निबंधकार म्हणे. जी वस्तु कोणाची नाहीं ती कोणाच्या तरी वाइटाची, असें आमचें शतक म्हणतें. म्हणून पुस्तक ठेवावयाचें तर पिशवींत वा कागदांत गुंडाळून ठेवूं नये. उघडें ठेवावें, मुखपृष्ठ वर करून ठेवावें, आणि आंत मराठींत दोन ओळी लिहाव्या, हें शहाणपणाचें.

दुसरी अडचण त्याहून खोल आहे. आमचे एक ज्येष्ठ सहकारी वारले तेव्हां त्यांच्यामागें तीन कपाटें मराठी पुस्तकें राहिलीं. मुलें परदेशीं, नातवंडांस देवनागरी वाचतां येत नाहीं. एका ग्रंथालयाकडे विचारणा केली. जागा नाहीं असें नम्र उत्तर आलें, आणि त्या ग्रंथालयाची जागा पाहिलेल्यास तें खोटें म्हणतां येणार नाहीं. शेवटीं तागडीवाला आला. चाळीस वर्षांचें वाचन, समासांतील टिपांसकट, किलोच्या भावानें गेलें. कुलुपाच्या कपाटानें परहस्तगताच्या भयापासून जें राखलें तें अखेर असें परहस्तगत झालें. हें एका घराचें नाहीं. पुण्यांतील, मुंबईंतील, नागपुरांतील सुशिक्षित घरांत पुढील वीस वर्षांत हें पुन्हां पुन्हां घडावयाचें आहे, आणि आमच्याहि कपाटांकडे पाहून आम्ही मनांत त्याचा हिशेब करीत असतों.

पुस्तकास वाट करून देण्याचे कांहीं प्रयत्न इकडेहि झाले आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननें २००९ सालीं ‘ग्रंथ तुमच्या दारीं’ ही योजना काढली. शंभर पुस्तकांची एक पेटी. ती एखाद्या वस्तींतील वाचकांच्या गटाकडे जाते, आणि कांहीं महिन्यांनीं दुसऱ्या गटाच्या पेटीशीं तिची अदलाबदल होते. ह्या पेट्या दुबईपर्यंत गेल्या. पेटीचा खर्च कित्येकदां कोणी आपल्या गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उचलतो. लंडनच्या त्या वाण्याच्या नोंदीशीं ह्याचें साम्य कोणाच्याहि ध्यानांत येईल. महाबळेश्वर तालुक्यांतील भिलार येथें शासनानें ४ मे २०१७ रोजीं पुस्तकांचें गांव उघडलें. तेथें गांवकऱ्यांच्या घरांत, देवळांत, शाळेंत पुस्तकें मांडलेलीं आहेत, आणि वाटसरूनें कोणाच्याहि पडवींत बसून वाचावें.

पडवींत बसून वाचणें आणि बांकावरून उचलून नेणें ह्यांत अजून अंतर आहे. तें तुटावयाचें तर कोणा एकानें आरंभ करावा लागेल, आणि तो रद्दीनें करूं नये. आपणांस न आवडलेलें, दोन प्रती झाल्या म्हणून जड झालेलें, भेट आलेलें पण न उघडलेलें, असलें पुस्तक बांकावर ठेवणें म्हणजे माळा साफ करणें. किलमच्या पोथींतला हिल्टन त्या काळीं लोकांस हवाहवासा होता. आमच्या कपाटांत ‘स्मृतिचित्रें’च्या दोन प्रती आहेत, एक नवी, आणि एक जुनी, जिच्या समासांत आमच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. ठेवावयाची कोणती, हें घरांत अद्याप ठरलेलें नाहीं.